हातमोजे नाहीत? चल चौकीवर!

दोस्तांनो, मिकी माऊसचे हात कधी नीट बघितलेत? थंडी असो की उन्हाळा, पांढरे हातमोजे काही सुटत नाहीत!

कारण अगदी साधं आहे. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत मिकीचं अंग काळं आणि हातही काळेच. छातीवर हात ठेवला की तो दिसेनासाच व्हायचा. म्हणून १९२९ साली त्याच्या हातांवर पांढरे हातमोजे चढले. पुढे ती सवयच झाली आणि आपणही कधी 'का?' म्हणून विचारलं नाही.

विचारलं ते अमेरिकेतल्या दोघा खोडकरांनी. लेखक हार्वे कुर्ट्झमन आणि चित्रकार विल एल्डर. १९५२ साली सुरू झालेल्या 'मॅड' या कॉमिकच्या १९ व्या अंकात, म्हणजे जानेवारी १९५५ मध्ये, त्यांची 'मिकी रोडंट' ही चित्रकथा आली. सुरुवातीलाच काय, तर पोलीस एका घोडेबुवांना फरफटत नेताहेत. गुन्हा? चारचौघांत हातमोजे न घालता फिरले!

इथला मिकी गुळगुळीत नाही बरं का. दाढीचे खुंट वाढलेले, चेहरा खडूस. डार्नल्ड नावाचं बदक आपल्यापेक्षा जास्त लोकप्रिय झालं, ही त्याची पोटदुखी. शेवटी तो डाव साधतो आणि बिचारा डार्नल्ड प्राणिसंग्रहालयात, खऱ्याखुऱ्या बदकांमध्ये जाऊन पडतो. वाचताना हसू येतं आणि जरा भीतीही वाटते. काळा विनोद म्हणतात तो हा.

त्या वेळी डिस्ने अमेरिकेत घरोघरी पोचला होता. १९५४ च्या ऑक्टोबरात त्याचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं. सगळं कसं स्वच्छ, गोड! ग्रिम बंधूंच्या गोष्टीत स्नो व्हाईटच्या दुष्ट राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. १९३७ च्या चित्रपटात ती कड्यावरून कोसळते, झालं. (तो चित्रपट मला मनापासून आवडतो, हेही सांगून टाकते. त्यातल्या रात्रीच्या जंगलाला मी अजून घाबरते.)

आता आई-बाबांसाठी थोडं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, अशी ओरड तेव्हा अमेरिकेत जोरात होती. १९५४ च्या एप्रिलमध्ये 'मॅड'चे प्रकाशक विल्यम गेन्स सिनेटच्या समितीपुढे बसले. ऑक्टोबरात कॉमिक्सवाल्यांनी स्वतःच एक कडक नियमावली केली. गेन्स यांना आपली भयकथांची कॉमिक्स बंद करावी लागली. आणि काही महिन्यांतच, हातमोज्यांवरून अटक करणारे पोलीस 'मॅड'मध्ये हजर! योगायोग म्हणा हवं तर. मला तसं वाटत नाही. पुढे १९५५ मध्येच 'मॅड'चं मासिक झालं आणि मासिकांना ती नियमावली लागू नव्हती.

हा 'मॅड' वाचत मोठा झालेला एक मुलगा म्हणजे आर्ट स्पीगलमन. त्यानेही पुढे उंदीर काढले. त्याच्या वडिलांनी ऑशविट्झच्या छळछावणीत जे सोसलं, ती गोष्ट त्याने चित्रांतून सांगितली. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. त्या पुस्तकाचं नाव 'माऊस', आणि १९९२ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आठवी-नववीतल्यांनी ते जरूर वाचावं. पण पहिल्यांदा आई किंवा बाबांना शेजारी घेऊन बसा.