हरणासाठी रायफल कोणती घ्यावी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा जिल्ह्याच्या खटाव-माण भागातल्या वडूज, मायणी, म्हसवड या पट्ट्यात हा प्रश्न तीन तऱ्हेची माणसं विचारतात. एक, ज्यांच्या हरभऱ्याचे शेंडे रातोरात खुडले जातात असे शेतकरी. दुसरे, ज्यांच्या घरात आजोबांच्या नावावरची बंदूक आहे ते. तिसरी, अमेरिकेतल्या शिकारीच्या चित्रफिती मोबाइलवर पाहणारी तरुण मुलं. तिघांची गरज वेगळी आहे, पण उत्तर एकच आहे: हरीण मारण्यासाठी भारतात कोणतीच रायफल घेता येत नाही, आणि तिच्यावर कोणती दुर्बीण बसवावी हा प्रश्न त्यामुळे पुढे उरत नाही. तरीही या प्रश्नाभोवती इतक्या चुकीच्या समजुती आहेत, आणि त्यांपायी माणसं इतक्या सहज अडकतात, की एकेक समजूत नीट उलगडून पाहायला हवी.

“बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे शिकार करता येते”

सर्वांत खोल रुजलेली समजूत हीच. बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. वन्यप्राणी मारण्याचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. हे दोन स्वतंत्र कायदे आहेत आणि पहिल्यातला परवाना दुसऱ्यात काहीही देत नाही. वन्यजीव कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती तारीख ९ सप्टेंबर १९७२. वडूजकरांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत याच दिवशी वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह माणसं हुतात्मा झाली.

जुन्या पिढीचे लोक सांगतात की त्यांनी रीतसर परवाना काढून शिकार केली आहे. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि शिकारीवर सरसकट बंदी आली. त्याच्याही बऱ्याच आधी कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात, आणि आज अभयारण्य असलेलं दाजीपूर संस्थानाचं राखीव शिकारीचं रान होतं. ती परंपरा इतिहासात आहे. तिच्यातून आज कुणाला कसलाही हक्क मिळत नाही.

शिकार या शब्दाची कायद्यातली व्याप्तीही लोकांना ठाऊक नसते. मारणं, जखमी करणं, फासे लावणं, हाकारा घालून पळवणं, आमिष ठेवणं हे सगळं त्यात येतं. प्रयत्न केला आणि प्राणी निसटला, तरी गुन्हा होतो. चिंकारा आणि काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड. वापरलेली गाडी आणि हत्यार जप्त होतं. दोषी ठरल्यास न्यायालय त्या बंदुकीचा परवाना रद्द करून पाच वर्षं नवा परवाना मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. एका रात्रीच्या हौसेपायी आजोबांची बंदूकही जाते.

“आपल्याच रानात शिरलं, तर मारायला हरकत नाही”

आपल्याकडे शेतालाच रान म्हणतात आणि आपल्या रानाचे मालक आपण. पण त्यात चरणाऱ्या चिंकाऱ्याची मालकी सातबाऱ्यावर येत नाही. कायद्याच्या ११ व्या कलमात अपवाद आहेत, आणि ते नेमके काय आहेत हे शेतकऱ्याने समजून घेण्यासारखं आहे.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. पकडून, बेशुद्ध करून दुसरीकडे नेणं शक्य नाही याची आधी खात्री करावी लागते. पिकाचं नुकसान हे कारण इथे चालतच नाही. चिंकाऱ्याने अख्खा वाफा फस्त केला, तरी त्याला गोळी घालण्याची परवानगी या कारणासाठी मिळणार नाही.

दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांना मालमत्तेचं, उभ्या पिकाचं नुकसान हे कारण लागू होऊ शकतं. चितळ या यादीत येतं. पण तिथेही लेखी परवानगी लागते, कारणं नोंदवून दिलेली, आणि ती देणारा अधिकारी ठरलेला असतो. सरपंचाचा होकार किंवा ग्रामसभेचा ठराव त्या जागी चालत नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१५ च्या शासन निर्णयाने परवानगीची सोपी पद्धत आणली. “डुकराला चालतं मग हरणाला का नाही” हा गोंधळ तिथूनच झाला. त्या निर्णयात हरीण नाही. केंद्राने २०१५-१६ मध्ये काही राज्यांत काही प्राणी ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित केले, ते बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड. त्यातही हरीण नव्हतं.

परवानगीने मारलेला प्राणीसुद्धा सरकारचा असतो. मटण घरी न्यायचं नसतं. मेलेलं सापडलेलं हरीण, किंवा जंगलात गळून पडलेलं सांबरशिंग उचलून दिवाणखान्यात लावणं, यालाही हाच नियम आहे.

“शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर रायफल मिळते”

शस्त्र कायद्याचं १३ वं कलम पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख करतं. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, ती बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. या तरतुदीत रायफल कुठेच नाही, आणि माझ्या मते हे अगदी योग्य आहे.

कारण रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी गिरक्या घेत बाहेर पडते आणि त्यामुळे सरळ, लांब जाते. पॉइंट तीस-शून्य-सहा या जातीची, परदेशात हरणांसाठी सर्रास वापरली जाणारी गोळी उंच कोनात सुटली तर पाच किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. साधी पॉइंट बावीसची चिमुकली गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाते. खटाव-माणचा माळ डोळ्यांसमोर आणा. सपाट रान, गोळी अडवायला झाड नाही की बांधाची उंची नाही, आणि पलीकडे अंधारात मेंढ्यांचा वाडा बसलेला. वाघरीच्या जाळीआत पोरंबाळं झोपलेली. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी. लागली नाही ती गोळी कुठेतरी जातेच. रायफल चालवणाऱ्याची पहिली शिकवण हीच असते, की निशाण्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. उघड्या माळावर रात्री ते दिसत नाही.

सांगली जिल्ह्यात सागरेश्वरच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक नियम लागू आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद वनखात्याकडे करायची असते, आणि त्या परिघात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. सागरेश्वर हे माणसांनी उभं केलेलं जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडं आली, हरणं आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर. तिथली हरणं कुंपणाबाहेर येऊन पिकं खातात ही आजूबाजूच्या गावांची तक्रार खरी आहे. ती ऐकली गेली पाहिजे. पण तिचं उत्तर कुंपणाच्या डागडुजीत आणि भरपाईत आहे.

“एअरगनला परवाना लागत नाही, मग तिने मारलं तर काय झालं?”

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. सूट हत्यार बाळगण्याला आहे. त्याने ससा मारला, तितर मारला, हरणावर छर्रा झाडला, तर वन्यजीव कायदा जसाच्या तसा लागू होतो.

आणि यात क्रौर्य किती आहे, ते आकड्यांनी सांगतो. इंग्लंडमध्ये हरणाची शिकार कायदेशीर आहे, पण तिथला १९९१ चा कायदा हत्याराची किमान ताकद ठरवून देतो. मुंटजॅक हे तिथलं अगदी छोटं हरीण, आपल्या चिंकाऱ्यापेक्षाही हलकं. त्याच्यासाठीसुद्धा गोळीचा जोर किमान एक हजार फूट-पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ जूल असावा लागतो. आपली विनापरवाना एअरगन वीस जूलची. ६८ पटींचा फरक. एवढ्याशा जोराचा छर्रा लागलेलं हरीण पळून जातं आणि जखम चिघळून कुठेतरी झुडपात दिवसेंदिवस तडफडून मरतं. जिथे शिकारीला मुभा आहे, तिथेही ही गोष्ट कायद्याने रोखली आहे.

“दुर्बीण जितकी मोठी, तितका नेम पक्का”

हा गैरसमज कायद्यापलीकडचा आहे आणि नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून त्यावर थोडं थांबतो. दुर्बिणीवर “३-९×४०” असं लिहिलेलं असतं. वस्तू तीन ते नऊ पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या भिंगाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. नऊ पटींवर ती साडेचार मिलिमीटरही भरत नाही, चार पटींवर दहा मिलिमीटर होते. मावळतीला डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणून पट वाढवली की चित्र काळवंडतं, दिसणारा टापू आक्रसतो आणि हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी दिसते.

शिवाय दुर्बीण नळीशी जुळवून घ्यावी लागते. ठराविक अंतरावर गोळ्या झाडून, खटके फिरवून ती बसवतात. बहुतेक दुर्बिणींचा एक खटका शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटरने निशाणा सरकवतो. न जुळवलेली महागडी दुर्बीण साध्या माशीपेक्षा वाईट. ठासणीच्या बंदुकीतून छर्रे विखरूनच बाहेर पडतात, त्यामुळे तिच्यावर दुर्बीण चढवून पैसे वाया जातात. स्प्रिंगच्या एअरगनवर साधी रायफलची दुर्बीण लावली तर दुहेरी धक्क्याने ती आतून खिळखिळी होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक जिंकला. त्या रायफलीवर दुर्बीण नव्हती, कारण ऑलिंपिक रायफल प्रकारांत मोठं करून दाखवणारी दुर्बीण लावायला बंदी आहे. बारीक छिद्राच्या माशीतून पाहायचं आणि ५० मीटरवरचं १०.४ मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ भेदायचं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद असंच मिळवलं. नेम लागतो तो श्वासावर, उभं राहण्यावर आणि चाप ओढणाऱ्या बोटावर. ज्या मुलाला बंदुकीची खरी ओढ आहे, त्याने १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करावी. तिला परवाना लागत नाही, आणि बालेवाडीसारख्या ठिकाणी रीतसर रेंज आहे.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलांनाही एक गोष्ट ठाऊक हवी. विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला तिथल्या संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि तिथल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यांतला मुख्य. मित्राच्या रायफलीसोबत नुसता फोटो काढण्यापूर्वीही हे तपासून घ्यावं.

“हरणाने खाल्लेल्या पिकाची भरपाई मिळत नाही”

मिळते. पिकाच्या नुकसानीच्या शासन निर्णयात रानडुक्कर, रोही, गवा, माकड यांच्यासोबत हरीणही आहे. तरीही बरेच जण अर्जच करत नाहीत. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढावेत, त्यात खुरांचे ठसे यावेत, आणि सातबाऱ्यासह लेखी अर्ज वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत खाल्लेलं पीक उपटू नये, नांगर घालू नये. पैसे उशिरा येतात, कमी येतात, हा राग रास्त आहे आणि तो कार्यालयात जाऊन मांडायलाच हवा.

कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचा मार्ग मात्र कुणी धरू नये. त्यात हरणाआधी माणूस आणि बैल मरतो, आणि मालकावर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणातला झटका सेकंदाला साधारण एकदा, तोही निमिषभराचा असतो. प्राणी बिचकून मागे फिरतो, मरत नाही. संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारावं. जखमी हरीण दिसलं, विहिरीत पडलं, कुणी फासे लावलेले आढळले, तर वनखात्याचा १९२६ हा मोफत क्रमांक आहे. फोन करताना गावाचं, शिवाराचं नाव आणि जवळची ठळक खूण सांगावी. जखमी प्राण्याभोवती गर्दी करू नये, त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. माणसांच्या भीतीनेच हरीण दगावण्याचा धोका असतो.