विश्लेषण : सफारीत मोबाइल बंद, मग पहिला ‘एसएलआर’ हाताळायचा कसा?

व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ताडोबात तर २०१८ पासूनच मोबाइलवर निर्बंध आले होते. कॅमेऱ्याला मात्र मज्जाव नाही. त्यामुळे कुणाकडून तरी मागून आणलेला किंवा वापरलेला विकत घेतलेला एसएलआर गळ्यात अडकवून अनेक नवखे सफारीला निघतात. वाघ दिसतोही, पण घरी येऊन पाहावे तर फोटोत नुसता धूसर पिवळा पट्टा! असे का होते आणि ते कसे टाळता येईल?

मोबाइलवरच रोख का?

मोबाइलची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. समोरचा प्राणी त्यात लहान दिसतो आणि मग हात, पाय किंवा जिप्सी पुढे सरकते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप आला, तेव्हापासून तिथे वेगळीच जोखीम आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आबापूरच्या जंगलात हत्तीसोबत सेल्फी घेण्याच्या प्रयत्नात एका तरुण मजुराचा जीव गेला. एसएलआर हाती आल्याने ही ओढ आपोआप संपत नाही. लेन्स तोकडी पडली की ‘भाऊ, गाडी जरा पुढे घ्या ना’ हे सुरू होतेच.

किती ‘एमएम’ची लेन्स पुरते?

इथे थोडे गणित कामाचे आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहन आणि प्राणी यांच्यात किमान २० मीटर अंतर हवे. वाघाचे शरीर शेपूट सोडून साधारण दोन मीटर धरू. एवढ्या अंतरावरून मोबाइलच्या मुख्य लेन्समध्ये सुमारे ३० मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे आडवा उभा असलेला वाघ चौकटीचा जेमतेम पंधरावा भाग व्यापतो. नवख्यांच्या एसएलआरसोबत मिळणारी १८-५५ एमएमची लेन्स पूर्ण ताणली तर तोच वाघ चौकटीच्या जवळपास पाव भागात येतो. २५० एमएमला तर तो चौकटीत मावेनासा होतो. तो ५० मीटरवर असला तरी चौकटीचा दोन पंचमांश भाग भरतो.

म्हणजे पहिल्याच सफारीसाठी लाखोंची लेन्स लागत नाही. ५५-२५० किंवा ७०-३०० एमएमची साधी झूम लेन्स पुरते. तीही नसेल तर १८-५५ वर काढलेला फोटो नंतर कापून घ्यावा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा पाव भाग मोबाइलच्या पडद्यावर पाहायला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला पुरेसा असतो.

फोटो हलतो तो कशामुळे?

बहुतेक वेळा दोष लेन्सचा नसतो. कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला की पहाटेच्या अंधुक उजेडात तो शटर बराच वेळ उघडे ठेवतो, हात किंवा गाडी हलते आणि सगळे धूसर होते. शिवाय ऑटोवर अंगचा फ्लॅश आपोआप उघडू शकतो; जंगलात तो बंदच हवा. त्याऐवजी शटरचा वेग स्वतः ठरवण्याची सोय वापरावी. कॅननवर ती ‘टीव्ही’, तर निकॉनवर ‘एस’ या खुणेने असते. २५० एमएमला सेकंदाचा किमान ४०० वा भाग, चालत्या वाघासाठी ५०० वा आणि पळत्या चितळासाठी १००० वा भाग, हा अंदाज सुरुवातीला पुरतो. आयएसओ ऑटोवर ठेवून त्याची कमाल मर्यादा ३२०० करावी. फोटोत थोडे दाणे येतील. ते चालतात, पण हललेला फोटो पुढे काही केल्या दुरुस्त होत नाही.

फोकससाठी मधला एकच बिंदू निवडणे उत्तम. सगळे बिंदू चालू असले की कॅमेरा हमखास पुढची बांबूची काडी धरतो. वाहनचालकाला इंजिन बंद करायला सांगावे आणि जिप्सीच्या दांडीवर तांदळाने भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. झाडीपट्टीत तांदळाला काय तोटा!

धूळ आणि ऊन

उन्हाळ्यात पुढच्या गाडीची धूळ थेट अंगावर येते. अशा वेळी लेन्स बदलली की धूळ सेन्सरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तोच काळा ठिपका दिसतो. म्हणून निघतानाच एक लेन्स ठरवावी आणि कॅमेरा दुपट्ट्याखाली झाकावा. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. लांबच्या पाणवठ्यावरचा वाघ त्या वेळी कितीही महागड्या लेन्सने नीट येत नाही. पाणवठ्याचे फोटो सकाळीच काढलेले बरे.

सराव कुठे करायचा?

वाघासमोर नव्हे, हे नक्की. वाघ समोर येतो तेव्हा हाती मोजकी मिनिटे असतात. त्यात कोणते बटण कुठे आहे हे शोधत बसलेल्याला वाघही नीट पाहता येत नाही आणि फोटोही मिळत नाही. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते, तो काळ शिकायला सोयीचा. संध्याकाळी घराकडे धावणाऱ्या शेळ्या, रस्त्यावरची मोटारसायकल, चंद्रपूरच्या रामाळा तलावावरून उडणारे बगळे यांवर शटरचा वेग बदलत शंभरेक फोटो काढले तरी बोटांना सवय लागते. काळ्या तोंडाचे वानरही चांगली परीक्षा घेते. चेहरा नुसता काळा गोळा आला, तर प्रकाशाची भरपाई ‘अधिक एक’ करून पुन्हा पाहावे.

लहान लेन्सच असलेल्यांनी गडचिरोलीकडे वळायला हरकत नाही. २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरलेल्या ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’तील उंच जुने साग किंवा भामरागडचा इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा नद्यांचा संगम चौकटीत बसवायला १८ एमएमच लागते, तिथे २५० एमएमची लेन्स पिशवीतच राहते.