‘त्याला काय कळतंय!’

आमचे सासर लातूरचे. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही नांदेडला असतो. पण महालक्ष्म्या, दिवाळी आणि येळवस या तीन सणांना लोहा, अहमदपूर करीत एस.टी.ने लातूर गाठायचे, हा नेम मी लग्नापासून मोडलेला नाही. गेल्या येळवशीची गोष्ट. शेतात कडब्याची कोप उभी केलेली, पूजा झालेली. भज्जी, उंडे, आंबील, खीर अशी जेवणे आटोपली आणि मी भांडी गोळा करू लागले, तेव्हा दिसले की धाकटे भाऊजी दोन उंडे कागदात गुंडाळून गुपचूप खिशात घालताहेत.

आमचे हे भाऊजी तिशीचे आहेत. बाळंतपण अडले आणि जन्मल्यावर ते बराच वेळ रडलेच नाहीत. त्यामुळे शाळा दुसरीच्या पुढे गेली नाही. पण माणूस प्रेमळ. पाणी भरतील, दळण आणतील, सासूबाईंचे पाय चेपतील.

“भाऊजी, भूक राहिली का?” मी विचारले.

“नाही वहिनी. दोस्ताला. नाही दिलं की मारतो.”

मी हसले, हे खरे सांगते. खोटे कशाला बोलू? मग त्यांनी बाही वर केली. कोपराच्या वर बारीक गोल डाग, एकाशेजारी एक. वर्षभर आम्ही सगळे ते डाग ‘चुलीपाशी खेळतो, भाजून घेतो’ म्हणून पाहत होतो. ते विडीचे चटके होते.

रात्री घरी आल्यावर हळूहळू एकेक उलगडत गेले. गल्लीतल्या एका तरुणाने त्यांच्याशी ‘दोस्ती’ केली होती. चहा पाजायचा, गाडीवर फिरवायचा. भाऊजींना संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते, त्याचे एटीएम कार्ड याच दोस्ताकडे. मी पासबुक भरून आणायला लावले. पैसे जमा झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे काढलेले, महिन्यामागून महिना. ज्यांना मशीनमध्ये कार्ड कसे घालायचे हेही येत नाही, त्यांच्या खात्यावरून! सासूबाई म्हणाल्या, “मला वाटलं कुल्फ्या खात असंल. त्याला काय कळतंय!”

मैत्रिणींनो, या तीन शब्दांवर मी तेव्हापासून विचार करते आहे. आपण ते मायेने म्हणतो, थोडे कौतुकाने, थोडे थकून. लुटणाराही तेच म्हणतो. फक्त तो मनात म्हणतो.

अशी लेकरे ज्या घरात आहेत (आणि कुठल्या गल्लीत असे एक घर नाही?), तिथे आईला एकाच गोष्टीचे भय असते, ते मुलीच्या बाबतीत. नांदेडला आमच्या शेजारी एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. अंगाने भरलेली, मनाने बालवाडीतली. मी शाळेत अर्धवेळ शिकवते म्हणून तिची आई मला ‘बाई’ म्हणते. एकदा दुपारी दार लोटून घेऊन तिने हळूच विचारले, “बाई, हिची पिशवी काढून टाकली तर? पाळीचंही बघावं लागणार नाही आणि दुसरीही काळजी मिटंल.”

आपल्या मराठवाड्यात पिशवी काढणे म्हणजे जणू दाढ काढणे! बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ साली थेट विधिमंडळापर्यंत गेला होता, तो तुम्ही वाचला असेल. तेव्हा त्या माउलीला मी दोष देणार नाही. तिच्याआधी हाच विचार सरकारी पातळीवर करून झालेला आहे.

फेब्रुवारी १९९४ मधली ही हकीगत. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारमान्य मतिमंद मुलींच्या वसतिगृहातल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्याचे ठरले. कारण सांगितले गेले ते स्वच्छतेचे: या मुलींना पाळीत स्वतःची निगा राखता येत नाही. अकरा जणींवर शस्त्रक्रिया झाल्या. बातमी फुटली, स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, आणि सरकारला उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. त्या वेळी पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनी शस्त्रक्रियांची बाजू घेतली होती. प्रश्न निगेचा होता, तर तो कापड बदलायला शिकवण्याचा होता आणि मदतीला दोन बायका जास्त नेमण्याचा होता. त्यासाठी मुलीचे पोट चिरायचे?

आणि ती ‘दुसरी काळजी’? तिचे तर मला नवलच वाटते. पिशवी काढली म्हणून मुलीच्या अंगाला हात लावणारा थांबतो का? उलट त्याला मोकळे रान मिळते. दिवस गेले तर निदान घरच्यांना कळते, पुरावा उरतो. पिशवी गेली की बोभाट्याची भीतीही गेली. धोका होता तिथेच राहिला, फक्त आपल्याला तो दिसेनासा झाला. हे मी शेजारणीला सांगितले तेव्हा ती कितीतरी वेळ बोलली नाही. (२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, ज्याने मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या समजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही, हेही सांगून ठेवते.)

“मग आश्रमात ठेवू?” हा तिचा पुढचा प्रश्न. चांगल्या संस्था आहेत, नाही असे नाही. पण दारावरची पाटी पाहून निर्धास्त होऊ नका. २०१०च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळच्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेत मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. राज्यातल्या अशा संस्थांची पाहणी सुरू झाली, तेव्हा २०११ साली पनवेलकडच्या एका आश्रमातला प्रकार बाहेर आला. तिथल्या मतिमंद आणि मूकबधिर मुलींवर अत्याचार होत होते. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्था चालवणाऱ्यासह सहा जणांना दोषी ठरवले. ध्यानात घ्या, मुली तिथेच राहत होत्या, खात होत्या, निजत होत्या. विचारणारे कोणी गेले तेव्हाच त्यांना सांगता आले. म्हणून मूल संस्थेत ठेवायचेच असेल तर न कळवता, वेळी-अवेळी भेटायला जा. जी संस्था अशा भेटीला नाक मुरडते, तिथून लेकरू घेऊन या.

आता आपल्या घरात या. या मुलांना आपण काय शिकवतो? ‘काका सांगतात ते ऐक.’ ‘मामाला पापी दे.’ ‘शहाणा ना तू, गप बस.’ साध्या मुलाला आपण निदान दहाव्या वर्षी उलट बोलू देतो. या मुलाला तिसाव्या वर्षीही देत नाही. सगळ्यांचे ऐकणारे लेकरू चोराचेही ऐकणारच. आणि शरीराच्या भागांची नावे तर आपण शिकवतच नाही, लाज वाटते. मग ते सांगणार कोणत्या शब्दांत?

शेजारच्या मुलीसाठी मी आणि तिच्या आईने एक उद्योग केला. कापडाची बाहुली घेतली. न्हाऊ घालताना रोज एकच बोलणे: ‘ही जागा झाकायची. इथे फक्त आई हात लावील, धुण्यापुरता. दुसऱ्याने लावला तर ओरडायचं, पळायचं, आईला सांगायचं.’ नुसते सांगून भागत नाही, करून दाखवावे लागते. शाळेत कवायत घेतो तसे. पहिले दोन महिने मुलगी नुसती हसायची. तिसऱ्या महिन्यात रिक्षावाल्याने लाडाने गाल ओढला, तर तिने सारी गल्ली गोळा होईल अशी आरोळी ठोकली! बिचारा रिक्षावाला ओशाळला. आम्ही दोघींनी त्याची माफी मागितली आणि घरात जाऊन मुलीला साखर भरवली.

एवढे करूनही काही घडलेच, तर? मूल बोलून सांगेलच असे नाही, पण अंग बोलते. अंथरूण ओले होऊ लागणे, एका विशिष्ट माणसाला पाहून लपणे, न्हाताना रडणे, जेवण तुटणे, हातात अचानक गोळ्या-चॉकलेटे किंवा पैसे दिसणे. ‘अशा मुलांचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. अंगावर हात टाकला गेल्याचा संशय आला तर मुलीला न्हाऊ घालू नका, कपडे धुऊ नका. आपला पहिला धर्म धुण्याचा, म्हणून मुद्दाम सांगते. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. आधी दवाखाना गाठा. सरकारी असो की खाजगी, त्यांनी पहिला उपचार फुकट केलाच पाहिजे, पोलिसांचा कागद आधी मागता येत नाही. दिवस जाऊ नयेत म्हणूनच्या आणि रोगाची लागण टाळण्याच्या औषधांना पहिले तीन दिवस मोलाचे असतात.

पोलिसांकडे जायचे म्हटले की घरातले पुरुष मागे सरतात. आमचे मामंजीही म्हणाले, “आपल्याच घराचं हसं होईल.” शेवटी हे आणि मी भाऊजींना घेऊन गेलो. तिथे पहिला प्रश्न, “बाई, ह्याची जबानी कशी घ्यायची? ह्याला काय कळतंय!” पुन्हा तेच तीन शब्द. मी मात्र तयारीने गेले होते. विचारलेले समजते आणि उत्तर देता येते, तो कोणीही माणूस साक्षीदार होऊ शकतो, असा कायदा आहे. अत्याचाराची फिर्याद मतिमंद मुलीची असेल तर पोलिसांनी तिच्या घरी येऊन किंवा तिच्या सोयीच्या जागी, विशेष शिक्षकाच्या मदतीने ती लिहून घ्यायची असते आणि तिचे चित्रीकरण करायचे असते. केवळ अपंगत्वामुळे साक्ष हलकी मानू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली एका दृष्टिहीन मुलीच्या खटल्यात सांगितले आहे.

वयाची मात्र एक गोष्ट मनाला लागते. अठराच्या आतल्या मुलांना पोक्सो कायद्याचे संरक्षण आहे, आणि मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेतला तर शिक्षा अधिक कडक. त्यात संशय असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे. पण अडतीस वर्षांची बाई, समज सहा-आठ वर्षांची, तिला मूल मानायचे का? दिल्लीच्या एका खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. वय धरायचे ते जन्मतारखेचेच. मोठ्या मतिमंद स्त्रीवरील बलात्काराला वेगळे कलम आहे, किमान दहा वर्षे शिक्षा आहे. पण पोक्सोचे विशेष न्यायालय तिच्या वाट्याला येत नाही. मला हे पटलेले नाही.

पैशांचे आणि जमिनीचे पाहायचे राहू देऊ नका. मूल अठराचे झाले की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या भोळ्या भावाचा अंगठा कुठे उमटतो, हे आपल्या भागात मी वेगळे सांगायला नको. लहान मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२ हे आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. अत्याचारात सापडलेल्या बायकामुलांना राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. ते नांदेडलाही आहे, लातूरलाही.

आमच्या भाऊजींचे कार्ड बंद करून नवे घेतले, ते आता सासूबाईंच्या कपाटात असते. तक्रार नोंदली गेली, तारखा पडताहेत. जबानीच्या दिवशी भाऊजींनी तीनदा विचारूनही तेच सांगितले: कोण, कुठे, कोणत्या हाताने. फक्त शेवटी साहेबांना म्हणाले, “त्याला मारू नका. पण माझी विडीची जागा दुखते.”