परदेशी नकाशे आणि आपले कामगार

विमाने आणि तोफा हा दिल्लीकरांचा विषय, नांदेड-लातूरकरांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आयटीआयचा दाखला खिशात घालून आपली मुले अशाच कारखान्यांच्या दारात उभी राहतात. म्हणून हा विषय समजून घेतला पाहिजे.

परराष्ट्राच्या सहकार्याने शस्त्रे बनविणे म्हणजे काय? नाशिकजवळचे ओझर पाहा. मिग-२१ विमानांसाठी १९६२ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझर कारखान्याचा पाया घातला गेला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादेत, अशी कामाची वाटणी झाली.

असे काम पायरीपायरीने चढते. प्रथम तयार भाग पेट्यांतून येतात, आपण ते जोडतो. नंतर सुटे भाग येथेच घडू लागतात. शेवटी कच्च्या मालापासून विमान उभे राहते. मिग-२१ ने ही पायरी १९७० साली गाठली. पुढे २००० सालच्या करारान्वये रशियन सुखोई-३० विमानेही ओझरला बांधली गेली. मिग-२१ मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वस्तू कशी बनवावी, हे परवान्याने मिळते. ती तशीच का बनवावी, हे देणारा सहसा हातचे राखतो. तेजस विमानाचा आराखडा आपला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला बांधलेले पहिले तेजस उडालेही. परंतु त्याचे इंजिन अमेरिकेचे. ते उशिरा आले आणि विमाने रखडली.

दुसरी गोष्ट कामगाराची. नकाशा कपाटात राहतो, पण कसब हातात राहते. ते वर्षानुवर्षे एकाच कामावर बसून येते. ठेकेदाराने दर अकरा महिन्यांनी माणसे बदलली, तर शिकलेले कसब फाटकाबाहेर जाते. गिरणीचा भोंगा थांबल्यावर कसलेले साचेवाले हमालीला लागलेले मी पाहिले आहेत. त्यांचे कसब पुन्हा कोणाच्या उपयोगी पडले नाही.

लातूरच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातही रशियन भागीदारीने वंदे भारत गाड्या बांधण्याचा करार २०२३ साली झाला. माल वेगळा, पण प्रश्न तेच. म्हणून असा कोणताही करार झाला की आपण तीन गोष्टी विचाराव्यात : आराखड्याचे ज्ञान आपल्याकडे किती येणार? शिकाऊ मुले किती घेणार? आणि त्यांतली कायम किती होणार? उत्तरे लेखी मागावीत; तोंडी आश्वासनांचा अनुभव आपल्याला पुष्कळ आहे.