जुन्या सर्व्हरवर पिवळं चिन्ह आलं? ड्रायव्हर शोधण्याआधी दोन फोटो काढा



या वेळच्या व्हिडिओत डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला आहे. हा लेख त्याच्या जोडीला. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल. लेखाची प्रिंट काढून सर्व्हरशेजारी लावून ठेवा.

डोंबिवली एमआयडीसी घ्या, ठाण्याचं वागळे इस्टेट घ्या, नाहीतर कल्याणमधलं एखादं होलसेल दुकान. कोपऱ्यात एक जुना टॉवर सर्व्हर असतोच. त्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर२ किंवा २०१२. अकाउंट्स त्यातच, बिलिंग त्यातच. मागच्या बाजूला वजनकाट्याची केबल, बारकोड प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन लोंबकळत असतं.

आणि एके दिवशी सकाळी वजन स्क्रीनवर येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, खाली 'अननोन डिव्हाइस'. बाहेर टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, चलन निघत नाही. मग कोणीतरी सुचवतं, "सर, फॉरमॅट मारून टाकू."

थांबा. त्या पेटीत काय आहे ते आधी आठवा.

कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कंपनीला ८ आर्थिक वर्षांची हिशेबाची पुस्तकं जपून ठेवावी लागतात. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं की वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने रेकॉर्ड ठेवा. एका केबलपायी हे सगळं पणाला लावायचं नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतोय का तेही बघा. वर्षानुवर्षं अखंड चाललेली हार्ड डिस्क एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होईलच असं नाही. त्यामुळे 'एकदा बंद करून चालू करू' हेसुद्धा बॅकअपनंतरच.

दोन फोटो कसले?

स्टार्टच्या सर्चमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' शोधून उघडा. पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज.

पहिला फोटो 'जनरल' टॅबचा. तिथे कोड नंबर असतो. दुसरा फोटो 'डिटेल्स' टॅबचा. तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडी आणि पीआयडी अशी अक्षरं आणि पुढे आकडे दिसतील. व्हीआयडी म्हणजे चिप बनवणाऱ्याचा नंबर, पीआयडी म्हणजे त्या मॉडेलचा. वस्तूच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, तिची खरी ओळख ही.

हे दोन फोटो मेंटेनन्सवाल्याला पाठवा. मग तो नुसता 'बघायला' येणार नाही, योग्य ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊनच येईल. तुमची एक फेरी आणि अर्धा दिवस वाचला.

कोड काय सांगतो?

*कोड २८:* ड्रायव्हरच नाही. त्या आयडीचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सर्व्हर २००८ आर२ फक्त ६४ बिटमध्येच येतो, त्यामुळे मशिनबरोबर आलेल्या जुन्या सीडीतला ३२ बिटचा ड्रायव्हर इथे चालणार नाही. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर सर्व्हरवर अजिबात टाकू नका.

*कोड १०:* ड्रायव्हर आहे, पण डिव्हाइस सुरू होत नाही. वजनकाटा ज्या यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टरने जोडतात, त्यात हे फार दिसतं. आयडी ०६७बी आणि २३०३ असेल तर चिप प्रोलिफिकची आहे, किंवा तिची नक्कल. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिप चालवत नाहीत. म्हणजे 'लेटेस्ट ड्रायव्हर टाका' हा सल्लाच इथे उलटा पडतो. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर टाका किंवा सरळ कन्व्हर्टर बदला. ०४०३ म्हणजे एफटीडीआय, १ए८६ म्हणजे सीएच३४० घराण्यातली चिप. नवा कन्व्हर्टर घेताना, मग तो स्टेशनजवळून घ्या की लॅमिंग्टन रोडवरून, चिप कोणती ते विचारूनच घ्या.

*कोड ५२:* विंडोजला ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही. नव्या ड्रायव्हरची सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि अपडेट न केलेल्या २००८ आर२ ला ती वाचता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट लागतात. सही तपासणंच बंद करून टाकायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर नको म्हणा.

*कोड ४३:* डिव्हाइसने स्वतःच बिघाड कळवला. आयडीच्या जागी 'अननोन' किंवा व्हीआयडीपुढे नुसती शून्यं असतील, तर त्या वस्तूला आपलं नावसुद्धा सांगता आलेलं नाही. इथे ड्रायव्हर शोधत बसू नका. केबल बदला, हब काढून थेट मागच्या पोर्टला लावा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पिनांवर गंज चढतो, तोही बघा.

डिव्हाइसचा दोष नसतो तेव्हा

एक, निळा पोर्ट. २००८ आर२ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाहीच, तो २०१२ पासून आला. नंतर बसवलेल्या कार्डाच्या निळ्या पोर्टला काही लावलं आणि काहीच हाललं नाही, तर ते आधी काळ्या पोर्टला लावून बघा.

दोन, कॉम नंबर. डिव्हाइस दिसतंय, पिवळं चिन्ह नाही, तरी वजन येत नाही. साफसफाई करताना कोणीतरी केबल दुसऱ्या पोर्टला लावली, कॉम ३ चा कॉम ७ झाला, आणि बिलिंग सॉफ्टवेअर अजून कॉम ३ वरच वाट बघतंय. पोर्टवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. फुकटचा उपाय आहे.

तीन, रिमोट डेस्कटॉप. टोकन वागळे इस्टेटमधल्या सर्व्हरला लावलेलं आणि तुम्ही कल्याणला घरून लॉगिन केलंय. टोकन दिसणार नाही! विंडोजचा रिमोट डेस्कटॉप तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरला लावलेलं स्मार्ट कार्ड बघतो, सर्व्हरला लावलेलं नाही. टोकन आपल्या समोरच्या मशिनला लावा आणि कनेक्शनच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'स्मार्ट कार्ड्स'वर टिक करा. नाहीतर ऑफिसात जाऊन सर्व्हरच्या स्क्रीनसमोर बसा. महिन्याच्या २० तारखेला रिटर्न भरताना हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

चार, बटण सेल. सर्व्हरची तारीख मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असू शकतो. मग बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, बंद-चालू केलेले पोर्ट बदलतात, सह्या-सर्टिफिकेटही नाकारली जातात.

इथे मात्र हात लावू नका

दिसेनाशी झालेली वस्तू डिस्क किंवा रेड कंट्रोलर असेल, तर वरचं काहीही करू नका. विंडोज 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करू का विचारेल, कॅन्सल दाबा. रेडच्या स्क्रीनवर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' आलं तर 'क्लिअर' दाबू नका. फोटो काढा आणि जाणकाराला बोलवा.

शेवटचं. २००८ आर२ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, २०१२ आणि २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. सर्व्हर लगेच बदला असं मी म्हणत नाही. पण आज कोड ५२ दिसला तर उद्याच्या नव्या प्रिंटरलाही तोच दिसणार आहे, हे बजेट करताना लक्षात ठेवा.

ज्यांच्याकडे शुक्रवारची सुट्टी असते, त्यांनी येत्या शुक्रवारी अर्धा तास काढा. सगळं नीट चालू असतानाच प्रत्येक डिव्हाइसचा आयडी, कॉम नंबर आणि ड्रायव्हर एका वहीत आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. पुढच्या वेळी टेम्पो गेटवर थांबला तर तुम्हाला फक्त वही उघडायची असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!