डोळा तोच, अक्षरे नवी

१ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि त्याला स्वतःची खूण हवी झाली. ती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांच्या रेखाटनातून मिळाली. मधोमध गोल, त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे दोन वळसे, आणि सगळे मिळून एक डोळा. पडद्यावर हे वळसे गरगरत जवळ येत आणि पं. रविशंकर यांच्या धूनवर आकार पुरा होई. रंगीत प्रक्षेपण सुरू व्हायला १९८२ साल उजाडले, त्यामुळे कृष्णधवल संचावर, मुंग्या आलेल्या चित्रातही ही खूण ओळखू येणे भाग होते. ती आकारावर उभी राहिली, रंगावर नाही. सरकारी खर्चाने चालणाऱ्या वाहिनीचा चेहरा बदलायचा तर कसोटी इथूनच घ्यावी: बदलाचे कारण प्रेक्षकाला पडद्यावर दिसले पाहिजे.

या कसोटीवर अलीकडचे प्रयत्न लंगडे पडतात. २०१७ साली दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा घेतली. हजारो प्रवेशिका आल्या, पण डोळा जागचा हलला नाही. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, डीडी न्यूजचे लाल बोधचिन्ह भगव्या छटेत आले. रंग नारिंगी आहे आणि तो दिसायला आकर्षक म्हणून निवडला, असे प्रसार भारतीचे म्हणणे. टीकाकारांना त्यात सत्ताधारी पक्षाचा रंग दिसला. हेतू काहीही असो, लाल रंगामुळे प्रेक्षकाची कोणती अडचण होत होती याचे उत्तर मिळाले नाही. कारण दिसत नसले की लोक ते शोधतात, आणि सार्वजनिक वाहिनीच्या बाबतीत तो शोध राजकारणापाशीच थांबतो.

खरी गरज आहे ती अक्षरांची. दूरदर्शन देवनागरी, तमिळ, बांगला, ओडिया, उर्दू अशा अनेक लिप्यांत बोलते. बातम्यांच्या तळपट्टीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवली, की ‘कर्तृत्व’सारख्या शब्दाचा रफार वर अडकतो आणि ऋकार खाली कापला जातो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीचा. फोनच्या पडद्यावर अक्षर बारीक झाले की फट बुजते आणि ‘धरण’ ‘घरण’ होऊन बसते. पुराचा इशारा वाचणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते. सगळ्या लिप्या एका घरातल्या वाटाव्यात आणि प्रत्येकीला पुरेशी जागा मिळावी, अशी अक्षरव्यवस्था बांधणे हेच आजचे दृश्य ओळखीचे काम.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की डोळ्याचे प्रेम म्हणजे जुन्या पिढीचे स्मरणरंजन. तरुणांना नवे काही हवे. पण नव्याला विरोध नाहीच. बीबीसीने १९९७ साली डिझाइनकार मार्टिन लॅम्बी-नेर्न यांच्याकडून बोधचिन्ह नव्याने करून घेतले, तेव्हा तीन चौकटी आणि तीन अक्षरे कायम राहिली. तिरकी अक्षरे सरळ झाली, कारण त्यांच्या कडा पडद्यावर दातेरी दिसत. खालच्या रंगीत रेघा गेल्या, कारण त्या छापणे महाग पडे. कारण दाखवता येते, म्हणून तो बदल टिकला. दुसरा आक्षेप खर्चाचा. इतक्या लिप्यांचे टंक घडवणे सोपे नाही हे खरे, पण मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेने ‘बलू’ हा टंक अनेक भारतीय लिप्यांत खुल्या परवान्याने दिला आहे, म्हणजे कसब देशात आहे. खासगी वाहिनी स्पर्धेसाठी दर चार वर्षांनी कपडे बदलू शकते. तिचा चेहरा मालकाचा असतो. दूरदर्शनचा डोळा तसा कुणा एका कारभाऱ्याचा नाही. त्यामुळे नवे काही आणताना आधी अक्षर वाचता येते का ते तपासावे, आणि रंगाचा डबा त्यानंतरच उघडावा.