टप्प्यांची सायकल शर्यत : सेकंदांचा हिशेब आणि वाऱ्याची वाटणी
(रस्त्यावरचे खेळ : लेखांक सहावा)

टप्प्यांच्या सायकल शर्यतीत विजेता वेळेच्या बेरजेने ठरतो. शर्यत काही दिवस, कधी तीन आठवडेही चालते. रोज एक टप्पा असतो आणि प्रत्येक टप्प्याचा रस्ता वेगळा असतो. सायकलपटूला दर टप्प्यात लागलेला वेळ नोंदवला जातो आणि शेवटच्या दिवशी ज्याची बेरीज सर्वांत कमी भरते, तो शर्यत जिंकतो. एखादा टप्पा अर्धवट सोडला, किंवा विजेत्याच्या वेळेवरून ठरवलेल्या मुदतीत पूर्ण केला नाही, तर सायकलपटू शर्यतीतून बाद होतो. आजारी पडल्यावर दिवसभर विश्रांती घेऊन परत येण्याची सोय इथे नाही.

या हिशेबामुळे एक गोष्ट घडते, ती नवख्या प्रेक्षकाला चक्रावून टाकते : एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकता येते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने १९९० मध्ये आणि ब्रिटनच्या क्रिस फ्रूमने २०१७ मध्ये टूर द फ्रान्स अशीच जिंकली. उलट चार-पाच टप्पे जिंकणारा वेगवान गडी एका घाटात पंधरा मिनिटे मागे पडला, तर एकूण क्रमवारीत त्याचे नाव शोधावे लागते. १९८९ ची टूर द फ्रान्स हे या हिशेबाचे सर्वांत रोमहर्षक उदाहरण. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस हा २४.५ किलोमीटरचा, एकेकट्याने घड्याळाशी झुंजण्याचा टप्पा होता. लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंद मागे होता. त्या दिवशी तो ५८ सेकंदांनी वेगवान ठरला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकला.

वेळ मोजण्याचे नियम समजले की शर्यतीतील डावपेचही समजू लागतात. शंभर जण एकाच घोळक्यात शेवटची रेषा ओलांडतात तेव्हा पहिल्यात आणि शेवटच्यात प्रत्यक्षात बऱ्याच सेकंदांचे अंतर असते. पण घोळक्यात फट पडलेली नसेल, तर सर्वांना पहिल्याचीच वेळ दिली जाते. त्यामुळे सपाट टप्प्यावर एकूण विजेतेपदाच्या दावेदाराला पहिला येण्याची गरज नसते. घोळक्यात राहणे पुरते. अशा टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरच्या आत कोणी पडला, तर ज्या गटात तो होता त्याच गटाची वेळ त्याला मिळते. हा नियम नसता तर प्रत्येक दावेदार शेवटपर्यंत पुढे घुसत राहिला असता आणि अपघात कित्येक पटींनी वाढले असते. त्याखेरीज टप्प्यात पहिल्या तीन क्रमांकांना बहुधा १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते आणि वाटेतल्या ठरावीक रेषांवर ३, २ आणि १ सेकंदाची. छोट्या शर्यतीत निकाल पुष्कळदा या सुट्या सेकंदांवरच लागतो.

आता वारा. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या सायकलपटूची बहुतांश ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवली की हा भार मोठ्या प्रमाणात हलका होतो. घोळक्याच्या आत खोलवर असलेल्या सायकलपटूला तर एकट्याच्या तुलनेत अगदी थोडाच अडथळा सोसावा लागतो. काही मोजमापांत तो दहा टक्क्यांच्याही खाली आढळला आहे.

सांघिक खेळाचे मूळ इथे आहे. बक्षीस एकाला मिळते, पण वारा सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. संघातले मदतनीस आळीपाळीने पुढे जाऊन हवा फोडतात, आपल्या नेत्याला मागे सुरक्षित ठेवतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून पुढे पोहोचवतात. नेत्याचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे चाक, प्रसंगी सायकलही काढून देतात. मग दमून ते शेवटच्या गटातून टप्पा संपवतात, म्हणून निकालपत्रात त्यांचे नाव शंभराव्या क्रमांकाच्या आसपास दिसते. निकालपत्रावरून त्यांची योग्यता जोखणे अन्यायाचे होईल. एखाद्या शर्यतीचा खरा अभ्यास करायचा असेल, तर विजेत्याइतकेच या गड्यांकडे पाहिले पाहिजे.

घोळक्यातून चार-पाच जण सुरुवातीलाच निसटतात, तेही वाऱ्याच्या याच गणितावर. पाच जणांना मिळून जेवढा वारा वाटून घेता येतो, त्याहून कितीतरी चांगला शंभर जणांना घेता येतो. त्यामुळे घोळक्याने मनावर घेतले की तो पुढच्यांना बहुतेक वेळा गाठतोच. प्रश्न असतो तो घोळक्यातले कोणते संघ पाठलागाचे कष्ट उचलणार हा. ज्याचा गडी पुढे निसटला आहे, तो संघ हात आखडता घेतो; ज्याच्याकडे शेवटी जोराची धाव घेणारा आहे, तो जुंपून घेतो. दूरवरून शांत दिसणाऱ्या दोन-तीन तासांत ही ओढाताण अखंड चालू असते.

घाट लागला की हे गणित बदलते. चढावर वेग उतरतो, हवेचा अडथळा घटतो आणि दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा फारसा उरत नाही. वजन निर्णायक ठरते. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत बोरघाट सुमारे ५०० मीटर उंची चढतो. सायकल धरून ७८ किलो भरणारा गडी ही उंची पंचवीस मिनिटांत चढला असे समजू. तितकीच ताकद लावणाऱ्या पण दहा किलोंनी जड असलेल्या गड्याला जवळपास तीन मिनिटे जास्त लागतील. सपाटीवर सेकंदांनी मोजली जाणारी अंतरे घाटात मिनिटांनी मोजावी लागतात ती यामुळे. म्हणूनच मोठ्या शर्यतींमध्ये चढणीच्या माथ्यांवर वेगळे गुण ठेवून वेगळा विजेता निवडतात. टूर द फ्रान्समध्ये ही स्पर्धा १९३३ पासून आहे. तिची लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ साली आली.

मुंबई–पुणे सायकल शर्यत पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. १९४५ साली सुरू झालेल्या या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो आणि पुण्यात पहिला येणाऱ्याइतकेच त्याचे कौतुक होते. ही शर्यत एका दिवसाची. तिच्यात वेळेची बेरीज नाही, दुसऱ्या दिवसासाठी ताकद राखून ठेवण्याचा प्रश्न नाही. पण घाटात निर्णय लागतो, घोळका फुटतो आणि संघातला सोबती उपयोगी पडतो, हे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना तिनेच शिकवले. रेल्वे, सेनादले, पुणे आणि सांगली–मिरज भागातले सायकलपटू या रस्त्यावर घडले. टप्प्यांच्या शर्यतीसाठी लागणारा जाणकार प्रेक्षक महाराष्ट्रात आधीपासून होता, हे श्रेय तिचे.

घाट नसलेल्या प्रदेशात काय होईल? तंजावरच्या भोसल्यांमुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या कावेरीच्या खोऱ्यात एक टप्पा कल्पून पाहावा : तंजावर ते कुंभकोणम आणि तिथून दक्षिणेला मन्नारगुडी. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून जेमतेम पंचवीस मीटर उंचीवर वसले आहे. तंजावरहून तिथवरच्या चाळीस किलोमीटरांत रस्ता एकूण तीसेक मीटर उतरतो, म्हणजे पायांना ना चढ जाणवणार ना उतार. इथे वजनाने कोणी मागे पडणार नाही. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येचा वारा वाहतो. तंजावरहून येताना तो समोरून लागतो आणि सगळा घोळका गोळा होऊन सावकाश सरकतो. कुंभकोणम ओलांडून दक्षिणेला वळले की तोच वारा डाव्या अंगाने तिरपा येतो. आता आडोसा समोरच्याच्या थेट मागे मिळत नाही, त्याच्या उजव्या बाजूला किंचित मागे मिळतो. सायकलपटू रस्त्याच्या रुंदीत तिरप्या ओळीत रचले जातात आणि अरुंद रस्त्यावर अशा ओळीत मोजकेच मावतात. उरलेले कडेला, उघड्या वाऱ्यात, एकामागोमाग एक फरफटत राहतात आणि साखळी तुटते. दोन्ही बाजूंना भातशेती, वारा अडवायला डोंगर नाही. अशा सपाट टप्प्यावर सावध संघ दहा मिनिटांत शर्यत फोडू शकतो. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या शर्यती अनेकदा अशाच फुटतात. डोंगर नसला म्हणजे टप्पा सोपा, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

या खेळाचा जन्म वर्तमानपत्राच्या गरजेतून झाला. ‘लोतो’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये पहिली टूर द फ्रान्स भरवली. संपादक होते आंरी देग्रांज. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस जणांनी शर्यत पूर्ण केली आणि मोरिस गारँ जिंकला. आघाडीवीराची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली. इटलीची जिरो १९०९ मध्ये आणि स्पेनची व्हुएल्ता १९३५ मध्ये सुरू झाली. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती या तीनच.

बाकीच्या शेकडो शर्यतींची प्रतवारी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, करते. शर्यतीपुढच्या दोन आकड्यांत ती सामावलेली असते. पहिला आकडा एक असेल तर शर्यत एका दिवसाची, दोन असेल तर टप्प्यांची. दुसरे चिन्ह दर्जा सांगते : सर्वांत वर वर्ल्डटूर, त्याखाली प्रो, मग १ आणि शेवटी २. म्हणजे ‘२.२’ ही टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींची पहिली पायरी. टूर द फ्रान्स गाजवणाऱ्या वर्ल्डटूर संघांना या पायरीवर उतरता येत नाही. इथे खंडीय दर्जाचे संघ आणि राष्ट्रीय संघ उतरतात. नियम मात्र वरच्या पायरीइतकेच काटेकोर असतात. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, पंच मोटारींतून आणि मोटारसायकलींवरून सोबत फिरतात, उत्तेजकांची चाचणी होते.

भारतात ही पायरी पुणे जिल्ह्याने बांधली. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात झालेली पुणे ग्रँड टूर ही देशातली २.२ दर्जाची पहिली टप्प्यांची शर्यत. प्रारंभीची छोटी एकेरी फेरी आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरचा मार्ग आखला होता. ७.५ किलोमीटरची प्रारंभीची फेरी पुण्याच्या मध्यवस्तीत, फर्ग्युसन कॉलेज रस्ता आणि जंगली महाराज रस्ता या परिसरात झाली. एरवी या रस्त्यांवर सायकल चालवायची तर जीव मुठीत धरावा लागतो. पुढच्या टप्प्यांनी मुळशी–मावळचे चढउतार, पुरंदरचा डोंगराळ भाग आणि बारामतीकडची मोकळी पठारे पालथी घातली. जवळपास तीस संघ आले होते. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे हा पहिला विजेता ठरला. तो ली निंग स्टार या संघाकडून उतरला होता.

अशा शर्यतीत संयोजकांचे सर्वांत मोठे काम रस्ता हेच असते. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या घोळक्यात मधल्या सायकलपटूला समोरच्या चाकाखेरीज काही दिसत नाही. मोटारीला जाणवणारही नाही असा खड्डा, रस्त्याच्या पातळीहून दोन बोटे वर आलेले गटाराचे झाकण किंवा रंग उडालेला गतिरोधक दहा-वीस जणांना एकदम खाली आणतो. म्हणून शर्यतीआधी जिल्ह्यातल्या मार्गावर मोठ्या प्रमाणावर डांबरीकरण झाले. सायकलपटूंच्या पुढे आणि मागे ठरावीक अंतरावर पोलिसांची आणि पंचांची वाहने धावतात आणि त्यांच्या मधला रस्ता तेवढ्यापुरता पूर्ण बंद राहतो. रुग्णवाहिका, संघांच्या मोटारी, राखीव चाके घेतलेल्या गाड्या या सगळ्यांचा तांडा त्या बंद रस्त्यातच हलतो. वाटेतल्या गावांची साथ नसेल तर हे होत नाही. मोकळी सोडलेली जनावरे बांधणे, मुलांना रस्त्यापासून मागे ठेवणे, तासभर बाजारपेठ थांबवणे ही कामे गावकऱ्यांनीच करावी लागतात.

भारतीय सायकलपटूंसाठी देशात भरणाऱ्या शर्यतीचे मोल वेगळे आहे. रस्त्यावरच्या ऑलिम्पिक सायकल शर्यतीत जागा देशांच्या क्रमवारीवरून वाटल्या जातात आणि क्रमवारी ठरते ती यूसीआयच्या नोंदणीकृत शर्यतींमध्ये मिळवलेल्या गुणांवर. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे सायकलपटू होते, १९६४ च्या टोकियोमध्येही होते. त्यानंतर मात्र भारताला ही वाट सापडलेली नाही. देशात अशी शर्यत नसेल तर गुणांसाठी थायलंड, मलेशिया किंवा युरोप गाठावे लागते. तिकिटे, सायकलींची ने-आण, मुक्काम हा खर्च मोजक्यांनाच परवडतो आणि आंतरराष्ट्रीय घोळक्यात खांद्याला खांदा लावून सायकल चालवण्याचा सराव होत नाही तो नाहीच. एकट्याने कितीही किलोमीटर तुडवले तरी दीडशे जणांच्या गर्दीत वळण कसे घ्यायचे, आडव्या वाऱ्यात तिरप्या ओळीत जागा कशी पटकवायची, कोणत्या निसटणाऱ्या गटाबरोबर जायचे हे शिकता येत नाही. पुण्यात मातब्बर परदेशी संघांपुढे भारतीय खेळाडू मागे राहिले, यात नवल नाही. दरवर्षी चार-पाच दिवस त्या घोळक्यात राहता आले आणि अशा आणखी दोन-तीन शर्यती दुसऱ्या राज्यांनी भरवल्या, तर गुण मिळवण्यासाठी निघणाऱ्या भारतीय संघाला पहिला मुक्काम परदेशात शोधावा लागणार नाही.